वाघूरचा कडा : अजिंठ्याची दरी आधी वरून आणि मग आतून कशी पाहावी

छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत अजिंठा गावाकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत कुठेही असे वाटत नाही की पुढे जमीन एकाएकी तुटणार आहे. दोन्ही बाजूंना कपाशी, मका आणि मिरचीची शेते असतात, अधूनमधून एखादी टेकडी दिसते, आणि मराठवाड्याचे पठार असेच पुढे जळगावपर्यंत जात असावे असा समज होतो. प्रत्यक्षात अजिंठा गाव मागे पडल्यावर थोड्याच अंतरावर हे पठार संपते आणि त्याच्या काठाशी वाघूर नदीने काळ्या कातळात घोड्याच्या नालेसारखी खोल दरी कोरून ठेवलेली आहे. या दरीचा उभा कडा सुमारे ७६ मीटर उंच आहे आणि त्याच कड्याच्या पोटात अजिंठ्याची लेणी आहेत.

बहुतेक लोक येथे येतात ते चित्रे पाहायला, आणि ते योग्यच आहे. परंतु गाडीतून उतरून थेट लेण्यांच्या अंधारात शिरणाऱ्याला ज्या दगडामुळे हे सारे शक्य झाले तो दगडच दिसत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, हा प्रवास दरीच्या माथ्यावरून सुरू करावा, मग घाट उतरून तळाशी जावे आणि शेवटी कड्यात शिरावे. या क्रमाने गेल्यास त्याच दिवसात, जवळपास त्याच खर्चात, पाहण्याचे समाधान पुष्कळ वाढते. पुढची सर्व माहिती याच क्रमाने दिली आहे.

दिवस आणि ऋतू

सर्वप्रथम वार पाहावा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, तर वेरूळची मंगळवारी. जोडून सुट्ट्या घेऊन दोन्ही ठिकाणे करणाऱ्यांची येथेच गफलत होते. काही वर्षांपूर्वी आम्ही घरची मंडळी दिवाळीनंतरच्या एका सोमवारी फर्दापूरपर्यंत जाऊन पोहोचलो होतो. माझ्या आत्याबाई त्या वेळी सत्तरीच्या पुढे होत्या आणि केवळ अजिंठ्यासाठी परभणीहून आल्या होत्या. त्या दिवशी आम्हाला माथ्यावरूनच दरी पाहून परतावे लागले. त्या कठड्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या आणि खाली बोट दाखवून नदी कुठून येते, कुठे वळते, हे विचारत होत्या. आधी वरून पाहण्याचे महत्त्व मला त्या दिवशी कळले. तरीही वार चुकवू नये.

ऋतूचा विचार करताना आपल्याला काय पाहायचे आहे ते आधी ठरवावे. जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, पाऊस चांगला झालेला असल्यास, दरीच्या वरच्या टोकाला सप्तकुंड धबधबा वाहता असतो आणि कड्यावरूनही ठिकठिकाणी पाण्याच्या धारा उतरतात. मात्र या काळात धुके आणि पाऊस मध्येच दृश्य झाकून टाकतात, दगड निसरडे होतात आणि गर्दीही असते. ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये पाणी कमी होते, पण हवा स्वच्छ असते, गवत अजून पुरते वाळलेले नसते आणि उन्हात कातळाचे थर अगदी स्पष्ट दिसतात. केवळ कडा पाहायचा असेल तर मी हेच दोन महिने निवडेन. डिसेंबर ते फेब्रुवारी हा चालण्यासाठी सर्वांत सुखाचा काळ आहे. एप्रिल-मेमध्ये कातळ दिवसभर तापतो आणि दरीत वारा फारसा फिरत नाही, त्यामुळे लहान मुले किंवा वडीलधारी माणसे सोबत असल्यास हे दोन महिने टाळावेत.

घरून निघताना

छत्रपती संभाजीनगरपासून लेणी साधारण शंभर-एकशेपाच किलोमीटरवर आहेत. वाटेतली गावे, बाजाराची गर्दी आणि चहाचा थांबा धरता अडीच ते तीन तास लागतात, म्हणून सकाळी सहाच्या आत शहर सोडावे. जालना, परभणी, नांदेडकडून येणाऱ्यांना शहरात शिरण्याचे कारण नाही. जालन्याहून राजूर, भोकरदनमार्गे सिल्लोड गाठता येते आणि तेथून मुख्य रस्ता मिळतो. राजूरच्या गणपतीचे दर्शन वाटेतच होते. इंधन, हवा आणि पिण्याचे पाणी ही तीनही कामे सिल्लोडलाच उरकून घ्यावीत. सिल्लोड हे तालुक्याचे मोठे गाव असल्यामुळे पंक्चर काढणारे, औषधांची दुकाने, एटीएम सर्व काही तेथे हाताशी असते. माथ्यावर यांपैकी कशाचाही भरवसा धरता येत नाही.

सोबत प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, घट्ट बसणारे आणि तळाला खाचा असलेले बूट, दुपारच्या वेळेपुरती भाकरी-चटणी किंवा दशम्या, आणि एक लहान विजेरी असावी. काही लेण्यांत पादत्राणे काढून जावे लागते, म्हणून नाड्यांचे बूट असल्यास थोडा वेळ जास्त धरावा. दुर्बीण असल्यास ती अवश्य घ्यावी. पक्षी पाहण्याच्या साध्या दुर्बिणीतूनही समोरच्या कड्यातील दगडाचा पोत दिसतो.

माथ्यावरचा पहिला तास

अजिंठा गाव ओलांडल्यावर घाट उतरण्याच्या आधी डाव्या हाताला लेणापूरच्या दिशेने फाटा फुटतो. ‘व्ह्यू पॉइंट’ असे विचारले तर गावातले कोणीही वाट दाखवते. हा रस्ता अरुंद आहे, शेतांमधून जातो आणि समोरून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर आल्यास कडेला थांबावे लागते, म्हणून वेग कमी ठेवावा. गाडी लावल्यावर थोडे चालून आपण कठड्याशी येतो, आणि दरी एकदम पायाखाली उघडते.

येथे शक्यतो सकाळी साडेनऊच्या आत पोहोचावे. लेण्यांचा कडा बऱ्याच अंशी पूर्व आणि दक्षिण दिशांकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचे ऊन थेट त्याच्यावर पडते. दुपार कलू लागली की कड्याचा काही भाग सावलीत जातो आणि दगडातील बारकावे पुसट होतात.

छायाचित्रे काढण्याआधी दहा मिनिटे नुसते पाहावे. प्रथम नदी शोधावी. डोंगराच्या अंगातून ती येते, सप्तकुंडाच्या उतरत्या टप्प्यांवरून खाली झेपावते, मग नालेसारखे पूर्ण वळण घेऊन खालच्या मैदानाकडे निघून जाते. त्यानंतर दोन काठांमधला फरक पाहावा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा काठ भिंतीसारखा उभा आहे, तर आतल्या बाजूचा, म्हणजे आपण ज्या डोंगराच्या नाकावर उभे असतो तो, त्या मानाने उताराचा आहे. वाहते पाणी वळताना बाहेरच्या काठावर जोर धरते आणि त्याचा पायथा पोखरत राहते. पायथा गेला की वरचा दगड कोसळतो आणि कडा उभा राहतो. आतल्या बाजूला पाण्याचा जोर कमी असल्याने तेथे असा कडा तयार होत नाही. कोरीव काम करणाऱ्यांना जी उघडी, उभी आणि सलग भिंत मिळाली ती नदीने आधीच तयार करून ठेवलेली होती. लेणी या भिंतीवर सुमारे साडेपाचशे मीटर लांबीत पसरलेली आहेत आणि येथून ती एका ओळीतल्या काळ्या खिडक्यांसारखी दिसतात.

या ठिकाणाहून आणखी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण ती मराठवाड्याच्या भूगोलाशी निगडित आहे. अजिंठ्याचा डोंगर हा मोठा जलविभाजक आहे, म्हणजे त्याच्या दोन बाजूंना पडलेले पाणी दोन वेगळ्या दिशांना वाहून जाते. याच डोंगररांगेत उगम पावणारी पूर्णा दक्षिणेकडे वळून गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. आपल्या पायाखालची वाघूर मात्र उत्तरेला उतरून तापीला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. सिल्लोडच्या शेतात पडलेला पाऊस आणि या दरीत पडलेला पाऊस एकमेकांकडे पाठ करून निघून जातात, ही जाणीव ठेवून दरीकडे पाहिले की पठाराचा काठ म्हणजे नेमके काय ते कळते.

आता दुर्बीण लावून कड्यातील आडव्या रेषा पाहाव्यात. दख्खनचे पठार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांतून बनले. प्रत्येक थराचा मधला भाग हळूहळू थंड झाल्यामुळे घट्ट व टणक असतो, तर वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे दगड सच्छिद्र होतो. टणक भाग पाऊस-वाऱ्याला दाद देत नाही आणि भिंतीसारखा उभा राहतो. सच्छिद्र भाग लवकर झिजतो, तेथे खोबण पडते, माती साचते आणि गवताची हिरवी पट्टी उगवते. ऑक्टोबरात ही हिरवी-काळी पट्टेदार रचना इतकी ठळक दिसते की थर मोजता येतात.

कठड्याच्या पलीकडे कोणत्याही कारणाने जाऊ नये. काठावरचा दगड वरून भक्कम दिसला तरी तो सुटा असू शकतो, आणि पावसाळ्यात गवताखालची माती पायाबरोबर घसरते. मुलांचा हात धरून ठेवावा. येथून पायवाटेने व पायऱ्यांनी थेट लेण्यांपर्यंत उतरता येते. गाडी चालवणारा वेगळा असेल आणि गुडघे धडधाकट असतील तर तो पर्याय फार चांगला आहे. इतरांनी गाडीनेच घाट उतरावा.

घाट आणि फर्दापूर

घाट लांब नाही, पण वळणे आखूड आहेत आणि मालवाहू गाड्यांची ये-जा सतत असते. खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेक सतत दाबून ठेवू नये. एकदा आमच्या भरलेल्या गाडीतून जळका वास येऊ लागला होता आणि उतार संपल्यावर अर्धा तास चाके थंड होऊ द्यावी लागली होती. घाटात दरडी कापून रस्ता केलेला असल्याने मघाशी दुरून पाहिलेले थर येथे गाडीच्या उंचीवर येतात. दख्खनच्या पठारात बऱ्याच ठिकाणी लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये गेरूच्या रंगाची लालसर पट्टी सापडते. एक थर थंड झाल्यानंतर आणि दुसरा येण्याच्या आधी मध्ये बराच काळ गेला, त्या काळात तयार झालेल्या मातीचा तो भाजलेला अवशेष असतो. सोबतच्या कोणाला तरी अशी पट्टी शोधायला सांगावी, चालकाने मात्र रस्त्यावरच लक्ष ठेवावे आणि वळणावर गाडी उभी करू नये.

फर्दापूरजवळच्या तिठ्यावर खासगी वाहन ठेवून तेथून एसटीच्या बसने सुमारे चार किलोमीटर आत जावे लागते. लेण्यांजवळ धुराचे प्रमाण कमी राहावे यासाठी ही व्यवस्था आहे. तिठ्यावर खाण्याची, स्वच्छतागृहाची सोय आहे, ती येथेच उरकावी. येथे चमकदार स्फटिक व गारगोट्या विकणारे मागे लागतात. घ्यायचे असल्यास दोन-तीन ठिकाणी भाव विचारून घ्यावेत. लेण्यांच्या परिसरातून मात्र स्वतः एक खडाही उचलू नये. लेण्यांसाठी सकाळी नऊ ते सायंकाळी पाच ही वेळ धरून चालावे आणि आत किमान साडेतीन तास मिळतील असे पाहावे. सुरुवातीला पायऱ्यांची चढण आहे. ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. भाडे आणि कुठपर्यंत नेणार हे आधी स्पष्ट बोलून घ्यावे. पुढच्या वेळी आत्याबाईंना आम्ही डोलीतूनच नेले आणि त्यांनी शेवटच्या लेण्यापर्यंत सर्व पाहिले.

कड्याच्या आत

क्रमांक मिळालेली लेणी एकोणतीस आहेत, आणि १५-अ धरून तीस. सर्व सारख्याच मन लावून पाहायची म्हटल्यास माणूस थकून जातो. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यातील चित्रांसाठी वेळ राखून ठेवावा. तेथे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती मनापासून पाळावी, कारण उजेडाने रंगांची हानी होते. चित्रांवर पुष्कळ लिहिले गेलेले आहे. दगडासाठी कुठे थांबावे, ते येथे सांगतो.

पहिला थांबा चौथ्या लेण्यात घ्यावा. येथील हा सर्वांत मोठा विहार, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या निवासाचे लेणे, आहे. सभामंडपाच्या मधोमध उभे राहून वर पाहावे. कोरीव काम चालू असतानाच कातळातील दोषामुळे येथील छताचा भाग कोसळला आणि कारागिरांना छत आणखी वर चढवून घ्यावे लागले. आपण ज्या सच्छिद्र आणि टणक थरांतला फरक माथ्यावरून पाहिला, त्याचा हिशेब छिन्नी चालवणाऱ्यांना रोज करावा लागत होता, आणि येथे तो चुकला होता. भिंतीजवळ जाऊन, हात न लावता, दगड पाहिल्यास बारीक पोकळ्या दिसतात. काहींत पांढरट खनिज भरलेले असते. लाव्हातील बुडबुड्यांच्या जागी पुढे पाण्यातून उतरलेली ही खनिजे आहेत, आणि तिठ्यावर विकायला ठेवलेल्या स्फटिकांचा जन्म अशाच पोकळ्यांत झालेला असतो.

दुसरा थांबा दहाव्या लेण्यात. नवव्या, बाराव्या आणि तेराव्या लेण्यासारखे हेही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या टप्प्यातले. येथील सर्वांत जुन्या कोरीव कामांत त्याची गणना होते. मोठी कामे त्यानंतर पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात झाली. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि त्याने दहाव्या लेण्यातील एका खांबावर आपले नाव व तारीख कोरली. ते नाव आज डोळ्यांच्या बरेच वर आहे. तो उंच होता म्हणून नव्हे, तर त्या वेळी लेण्यात माती आणि दगडांचा थर साचलेला होता आणि तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. शतकानुशतके कड्यावरून काय काय खाली येत राहिले असेल, याचे माप त्या खांबावर पाहायला मिळते. प्राचीन खांबावर नाव कोरणे हा अपराधच होता आणि आज कोणी तसे करताना दिसल्यास पहारेकऱ्यास सांगावे.

तिसरा थांबा चोविसाव्या लेण्यात, आणि माझ्या मते कडा समजून घेण्यासाठी याच्या तोडीचे दुसरे लेणे येथे नाही. पूर्ण झाले असते तर हा फार मोठा विहार झाला असता, पण काम अर्ध्यावर थांबले. अपुरे असल्यामुळेच ते सारे उघड करून दाखवते. कारागीर आधी छताच्या पातळीवर अरुंद बोळ खोदत आत जात, दोन बोळांच्या मध्ये दगडाचा जाड पट्टा सोडत, आणि मग तो पट्टा फोडून काढत खाली येत. जे खांब व्हायचे ते अजून ओबडधोबड आहेत आणि छिन्नीचे तिरपे घाव त्यांच्यावर ताजे वाटावेत असे आहेत. विजेरीचा उजेड भिंतीशी समांतर धरला की प्रत्येक घाव वेगळा दिसतो. बहुतेक लोक हे लेणे ‘अपूर्ण’ म्हणून दारातूनच ओलांडतात. आपण येथे पंधरा मिनिटे द्यावीत.

सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची भव्य शिल्पाकृती पाहून परत फिरताना पादचारी पुलावरून नदी ओलांडावी आणि पलीकडून एकदा कड्याकडे मान वर करून पाहावे. सकाळी ज्या खिडक्या वाटल्या होत्या त्या आता दालने झालेल्या असतात.

धोके

कड्याला आग्या मोहोळांची पोळी लटकलेली असतात आणि पर्यटकांवर माश्यांनी हल्ला केल्याच्या घटना येथे घडलेल्या आहेत. तीव्र वासाचे अत्तर लावू नये, विडी-सिगारेट पेटवू नये, आरोळ्या ठोकू नयेत आणि पोळ्याच्या दिशेने काहीही भिरकावू नये. माश्या उठल्याच तर हात न हलवता, तोंड व मान कपड्याने झाकून जवळच्या लेण्यात किंवा दूर उघड्यावर निघून जावे. वानरे खाण्याच्या पिशव्या ओढतात, म्हणून खाणे बंद पिशवीत ठेवावे.

पावसाळ्यात नदीपात्रातून सप्तकुंडाच्या तळाकडे जाण्याचा मोह होतो, आणि तो मात्र पूर्णपणे टाळावा. डोंगरावर पडलेला पाऊस आपल्याला दिसण्याआधी त्याचे पाणी दरीत पोहोचते. शिवाय पावसात कड्यावरून दगड सुटतात, त्यामुळे कड्याच्या अगदी पायथ्याशी बसून डबा खाऊ नये. धबधबा पाहण्याची खरी आणि सुरक्षित जागा माथ्यावरच आहे.

परतीची वाट

दुपारी साडेतीन-चारपर्यंत मोकळे झाल्यास आलेल्या घाटानेच परतण्याऐवजी फर्दापूरहून सोयगाव, वेताळवाडी, हळदा, उंडणगावमार्गे गोळेगावला येता येते. या वाटेवरचा घाट निवांत आहे, आणि वेताळवाडीच्या किल्ल्याची तटबंदी अजिंठ्याच्या दरीत पाहिलेल्या त्याच काळ्या कातळावर, त्याच डोंगररांगेच्या काठावर उभी असलेली दिसते. किल्ला चढायला दीड-दोन तास हवेत, त्यामुळे त्याच दिवशी वर जाण्याचा हट्ट धरू नये. घाटात सुरक्षित रुंद जागा पाहून दहा मिनिटे थांबावे आणि खानदेशाच्या मैदानाकडे मागे वळून पाहावे. हा रस्ता अंधारात चालवण्यासारखा नाही, म्हणून सूर्य मावळण्याच्या आत उंडणगाव गाठावे. उशीर झालेला असेल तर सरळ अजिंठा घाटाने परतावे आणि सिल्लोडला जेवण करून पुढे निघावे.